जुन्या अँड्रॉइड प्रोजेक्टची बिल्ड सेटिंग्ज नव्या प्रोजेक्टमध्ये कशी न्यावीत

तालुक्याच्या गावात बसून ॲप करून देणाऱ्याकडे बहुधा एखादा जुना, चालता प्रोजेक्ट असतो. समजा हिंगणघाटकडच्या एखाद्या जिनिंगसाठी केलेला ‘कापूस काटा’: गाडीचं वजन, भाव, कपात आणि ब्लूटूथ प्रिंटरवर चुकाऱ्याची पावती. मग वरुडकडून संत्र्याच्या व्यापाऱ्याची मागणी येते. त्याला क्विंटलऐवजी क्रेट मोजायचे असतात, बाकी सगळं तसंच. अशा वेळी ‘कापूस काटा’चं अख्खं फोल्डर कॉपी करून नाव बदलायचा मोह होतो. ते चालतंही, आणि अडचण तिथेच आहे. जुना ॲप्लिकेशन आयडी, जुन्या पॅकेजचे आर-एट (रिलीजच्या वेळी कोड लहान करणारं, नावं बदलणारं टूल) नियम, जुनी सही, जुन्या भाषांची यादी हे सगळं गुपचूप सोबत येतं. बिल्ड फेल झाला तर बरं, निदान एरर दिसते. न अडता चुकीचं ॲप तयार झालं, तर ते ऐन हंगामात व्यापाऱ्याच्या काउंटरवर कळतं.

म्हणून उलट दिशेने चला. अँड्रॉइड स्टुडिओमधून नवा कोरा प्रोजेक्ट काढा, तो एकदा बिल्ड करून गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) कमिट करा, आणि मग जुन्यातली एकेक सेटिंग त्यात आणा. प्रत्येक टप्प्यानंतर बिल्ड, मग कमिट. वेळ थोडा जास्त जातो, पण काय बिघडलं ते शोधावं लागत नाही. शेवटच्या कमिटमध्येच असतं.

(फाइलींची आणि कमांडची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी लिपीत.)

आधी तीन ढीग करा

पहिला ढीग प्रोजेक्टचा (ग्रेडल म्हणजे ॲप बांधणारं टूल): सेटिंग्ज.ग्रेडल.केटीएस, मुळातली आणि ॲप मोड्यूलमधली बिल्ड.ग्रेडल.केटीएस, ग्रेडल.प्रॉपर्टीज, ग्रेडल फोल्डरातली रॅपरची फाइल आणि लिब्ज.व्हर्जन्स.टॉमल, प्रोगार्ड-रूल्स.प्रो, गिटइग्नोर. नेण्यासारखं जे काही आहे ते याच फाइलींत, आणि तेही वाचून, ओळ निवडून.

दुसरा ढीग मशीनचा: लोकल.प्रॉपर्टीज, डॉट-ग्रेडल, बिल्ड आणि डॉट-आयडिया ही फोल्डरं. यातलं काहीच न्यायचं नाही. लोकल.प्रॉपर्टीजमध्ये त्या लॅपटॉपवरचा एसडीकेचा (अँड्रॉइडच्या विकास-साधनांचा) पत्ता असतो. दुसऱ्या मशीनवर तो चुकतो आणि ‘एसडीके लोकेशन नॉट फाउंड’ अशी तक्रार येते. नव्या मशीनवर स्टुडिओ ती फाइल स्वतः बनवतो.

तिसरा ढीग जपून ठेवायचा: कीस्टोअर (सहीच्या चाव्यांची फाइल), त्याचे पासवर्ड, फायरबेसची (गूगलच्या ऑनलाइन डेटा सेवेची) गूगल-सर्व्हिसेस.जेसन. नव्या ॲपसाठी यातलं प्रत्येक नवीन लागतं. जुनी गूगल-सर्व्हिसेस फाइल ठेवली तर ‘नो मॅचिंग क्लायंट फाउंड फॉर पॅकेज नेम’ अशी एरर येऊन बिल्ड थांबतो. ही चांगल्यातली एरर. तीच फाइल जुना ॲप्लिकेशन आयडी न बदलता वापरली, तर संत्र्याच्या ॲपच्या नोंदी जिनिंगच्या फायरबेस खात्यात जातील आणि कोणीच ओरडणार नाही.

फोल्डरला नाव देताना एक काळजी. विंडोजवर प्रोजेक्टच्या पत्त्यात देवनागरी अक्षरं असली की अँड्रॉइडचं ग्रेडल प्लगइन बिल्ड अडवतं. ही तपासणी बंद करायची प्रॉपर्टी आहे, पण ती वापरू नका. पुढे दुसरं कुठलं तरी टूल त्याच पत्त्यावर अडखळतं. फोल्डरचं नाव साध्या इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता द्या.

व्हर्जनची साखळी

जेडीके (जावाची साधनं), ग्रेडल, अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन आणि कोटलिन (ॲप लिहायची भाषा) ही चारही एकमेकांत अडकलेली असतात. जुन्यातला एकच आकडा उचलून नव्यात टाकला की बाकीचे तीन बिथरतात. प्लगइन 7.4 ला ग्रेडल 7.5 आणि जावा 11 पुरतं. प्लगइन 8.0 पासून जावा 17 लागतं. प्लगइन 8.5 ला कमीत कमी ग्रेडल 8.7, आणि 8.7 ला ग्रेडल 8.9. आता गूगल प्लेने 31 ऑगस्ट 2025 पासून नवी ॲप आणि अपडेट यांना टार्गेट एपीआय 35 (म्हणजे अँड्रॉइड 15) मागितला आहे, आणि एपीआय 35 साठी प्लगइन निदान 8.6 हवं. म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वीच्या प्रोजेक्टचे व्हर्जन आकडे नेण्यात काही अर्थच उरत नाही. आकडे नव्या कोऱ्या प्रोजेक्टचेच ठेवा, जुन्यातून फक्त निर्णय आणा.

प्लगइन 7 वरून 8 वर येताना हमखास तीन गोष्टी अडतात. नेमस्पेस (कोडच्या पॅकेजचं नाव) आता मॅनिफेस्टमधल्या पॅकेजमधून घेतला जात नाही, तो मोड्यूलच्या बिल्ड फाइलमध्ये लिहावाच लागतो. बिल्डकॉन्फिग क्लास आपोआप तयार होत नाही. जुना कोड त्यातून सर्व्हरचा पत्ता किंवा व्हर्जनचं नाव वाचत असेल तर बिल्ड फीचर्समध्ये बिल्डकॉन्फिग चालू करा. आणि आर क्लासमध्ये दुसऱ्या मोड्यूलची रिसोर्सेस आपोआप दिसत नाहीत. हा शेवटचा बदल जुन्या पद्धतीवर उलटवता येतो, पण आयात ओळी दुरुस्त करणं जास्त शहाणपणाचं. त्यामुळे पुढचे बिल्ड हलके होतात.

कंपोझ (कोटलिनमध्ये स्क्रीन बनवायची लायब्ररी) वापरत असाल तर आणखी एक. कोटलिन 2.0 च्या आधी कंपोझ कंपायलरचं व्हर्जन हाताने लिहावं लागे आणि ते कोटलिनच्या नेमक्या व्हर्जनशी जुळावं लागे, जसं कोटलिन 1.9.24 ला 1.5.14. 2.0 पासून ही ओळ काढून टाकायची आणि कोटलिनच्याच व्हर्जनचं कंपोझ प्लगइन लावायचं. जुनी ओळ नव्यात तशीच पडून राहिली की वाचणारा नाहक गोंधळतो.

जावाचं नेमकं कुठलं व्हर्जन चालतंय हे ‘ग्रेडलडब्ल्यू --व्हर्जन’ सांगतो. ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन 65’ अशी एरर आली तर ग्रेडल जावा 21 वर चालतोय आणि त्याला ते समजत नाही (61 म्हणजे जावा 17). जावा 21 वर चालायला ग्रेडल निदान 8.5 लागतो. स्टुडिओत आणि टर्मिनलमध्ये दोन वेगळी जावा लावलेली असणं हे याचं नेहमीचं कारण. स्टुडिओत बिल्ड होतो आणि टर्मिनलमध्ये होत नाही, असं दिसलं की जावा-होम तपासा. ‘इनकन्सिस्टंट जेव्हीएम टार्गेट’ ही त्याचीच चुलत बहीण: जावाचं कंपायलेशन 1.8 वर आणि कोटलिनचं 17 वर. दोन्हीकडे 17 लिहिलं की मिटतं.

रॅपर

रॅपर म्हणजे ठरलेल्या व्हर्जनचा ग्रेडल उतरवून चालवणारी सोय. त्याच्या चार वस्तू असतात: ग्रेडलडब्ल्यू, ग्रेडलडब्ल्यू.बॅट, ग्रेडल-रॅपर.जार आणि ग्रेडल-रॅपर.प्रॉपर्टीज. ‘मेन क्लास सापडत नाही’ असं रॅपर म्हणाला तर जार गिटमध्ये गेलेलंच नसतं. गिटइग्नोरमध्ये सगळ्या जार फाइली वगळणारी ओळ असते. तिच्याखाली या एका जारला सूट देणारी ओळ घाला. विंडोजवरून लिनक्सवर नेलं तर ग्रेडलडब्ल्यूचा एक्झिक्युट हक्क जातो, आणि ओळींचा शेवट विंडोज पद्धतीचा झाला असेल तर ‘बॅड इंटरप्रिटर’ येतं. पहिल्याला सीएचमॉड, दुसऱ्याला गिटअॅट्रिब्यूट्समध्ये त्या फाइलसाठी एलएफ.

रॅपरच्या प्रॉपर्टीजमध्ये डाउनलोडचा पत्ता ‘बिन’ने संपतो की ‘ऑल’ने, ते बघा. ‘ऑल’मध्ये सोर्स आणि कागदपत्रं असतात, बिल्डला ती लागत नाहीत. ग्रेडल 8 ची ‘बिन’ झिप सुमारे 130 एमबीची असते, तीच पुरेशी. त्या फाइलमध्ये शा-256 ची ओळ असेल आणि तुम्ही पत्ता बदलला पण ही ओळ जुनीच ठेवली, तर पडताळणी फेल होते. नेटवर्क टाइमआउट मुळात 10000 मिलिसेकंद असतो. गावातल्या टॉवरवर तो 60000 करून ठेवा.

डाउनलोड चालू असताना लाइन गेली, राउटर बंद पडला, तर अर्धवट झिप घरच्या डॉट-ग्रेडल फोल्डरात पडून राहते आणि पुढच्या वेळी झिप उघडता येत नाही असं म्हणते. रॅपरमधल्या डिस्ट्स फोल्डरात जाऊन त्या व्हर्जनचं फोल्डर उडवा, पुन्हा सुरू करा. लॅपटॉप रीस्टार्ट करून काही होत नाही.

नेट नसताना काम व्हावं म्हणून

ही तयारी सेटिंग नेण्याचाच भाग समजा, कारण नवा प्रोजेक्ट म्हणजे नवे डाउनलोड, आणि मोबाइल डेटाचा रोजचा कोटा त्यातच संपतो.

दोन्ही प्रोजेक्टमध्ये रॅपरचा पत्ता अक्षरशः सारखा ठेवा. ग्रेडल त्या पत्त्यावरूनच साठवणीच्या फोल्डरचं नाव काढतो, म्हणून एकात ‘बिन’ आणि दुसऱ्यात ‘ऑल’ असलं की एकच ग्रेडल दोनदा उतरतो. झिप पेनड्राइव्हवर आहे तर पत्त्याच्या जागी लॅपटॉपवरच्या झिपचा फाइल पत्ताही देता येतो. फक्त ती ओळ कमिट करू नका.

लायब्ररींचा साठा घरच्या डॉट-ग्रेडलमध्ये, कॅशेसच्या आत मोड्यूल्स-2 या फोल्डरात असतो. तो एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर नेता येतो. आधी ‘ग्रेडलडब्ल्यू --स्टॉप’ देऊन डिमन (मागे चालत राहणारा ग्रेडल) थांबवा, मग मोड्यूल्स-2 कॉपी करा आणि नव्या जागी लॉकने संपणाऱ्या फाइली व जीसी.प्रॉपर्टीज काढून टाका. हजारो बारक्या फाइली पेनड्राइव्हवर सुट्या टाकल्या तर तासन्‌तास जातात. झिप करून न्या. झिप 4 जीबीच्या वर गेली तर एफएटी-32 चा पेनड्राइव्ह ती घेत नाही, त्याला एक्सएफएटी करा. दोन्हीकडे ग्रेडलचं व्हर्जन एकच असेल तर उत्तम. फार वेगळं असेल तर साठ्याची रचना जुळत नाही आणि सगळं पुन्हा उतरतं.

एक बारीक गोष्ट: रिसोर्सेस जोडणारं एएपीटी-2 हे टूल प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळं जार म्हणून येतं. लिनक्सवरचा साठा विंडोजवर नेला की बाकी सगळं चालतं आणि फक्त याच्यासाठी नेट लागतं. तेवढ्याची सोय आधी करून ठेवा.

चांगलं नेट मिळेल त्या दिवशी एकदाच असेंबल-डिबग, असेंबल-रिलीज, लिंट (कोडमधल्या चुका शोधणारी तपासणी) आणि युनिट टेस्ट ही चारही कामं चालवून घ्या. नुसता डिबग चालवून ‘आता ऑफलाइन बसतो’ म्हणणाऱ्याला रिलीजच्या दिवशी लिंटची जारं हवी असतात आणि ‘नो कॅश्ड व्हर्जन अव्हेलेबल फॉर ऑफलाइन मोड’ असं उत्तर मिळतं. रिलीज बिल्डमध्ये लिंटची एक छोटी तपासणी आपोआप चालते, म्हणून. त्यानंतर ‘--ऑफलाइन’ लावून बसा.

जुन्या फाइलींत लायब्ररीचं व्हर्जन ‘1.+’ असं लिहिलेलं असेल तर ते नेताना नेमका आकडा घाला. अधिक चिन्हाचं व्हर्जन ग्रेडल दर 24 तासांनी पुन्हा विचारून येतो. जेसेंटरची ओळ दिसली तर ती न्यायचीच नाही. ते भांडार 2021 मध्ये बंद करायचं जाहीर झालं आणि ऑगस्ट 2024 पासून त्याच्याकडे आलेली मागणी मावेन सेंट्रलकडे वळवली जाते. फक्त जेसेंटरवरच असलेली लायब्ररी आता मिळत नाही, तिला पर्याय शोधा.

एसडीकेचंही तसंच. प्लॅटफॉर्म्समधलं अँड्रॉइड-35 आणि बिल्ड-टूल्समधलं लागणारं फोल्डर दुसऱ्या लॅपटॉपवरून आणता येतं, पण सोबत लायसन्सेस हे फोल्डर आणा. नाहीतर परवाने स्वीकारले नाहीत म्हणून बिल्ड अडतो.

ग्रेडल.प्रॉपर्टीज आणि कॅटलॉग

ग्रेडल.प्रॉपर्टीजमध्ये जेव्हीएमला किती मेमरी द्यायची ते असतं. 16 जीबीच्या मशीनवरची ‘4 जीबी’ची ओळ 4 जीबीच्या लॅपटॉपवर आणली की डिमन मधेच गायब होतो: ‘डिमन डिसअपिअर्ड अनएक्स्पेक्टेडली’. 8 जीबीच्या मशीनवर 2048 एमबी ठेवा. 4 जीबीवर 1536, आणि बिल्ड टर्मिनलमधून, स्टुडिओ बंद करून. मेमरीची ओळ मुळात घरच्या डॉट-ग्रेडलमधल्या ग्रेडल.प्रॉपर्टीजमध्ये लिहिलेली बरी. घरची फाइल प्रोजेक्टच्या फाइलपेक्षा वरचढ असते, त्यामुळे प्रत्येकाचं मशीन आपलं आपण सांभाळतं.

जेटिफायर चालू करणारी ओळ जुन्या सपोर्ट लायब्ररीसाठी होती. प्रिंटरवाल्याची एखादी प्राचीन लायब्ररी सोडली तर आता तिची गरज नसते, आणि ती प्रत्येक बिल्ड जड करते. आधी ती न नेता बघा.

या फाइलमध्ये मराठी मजकूर ठेवू नका. प्रॉपर्टीज फाइल आयएसओ-8859-1 म्हणून वाचली जाते, आणि तिथे लिहिलेलं ॲपचं नाव फोनवर चित्रविचित्र चिन्हांत उमटतं. नाव स्ट्रिंग्जच्या एक्सएमएलमध्ये ठेवा किंवा बिल्ड.ग्रेडल.केटीएसमधून रेसव्हॅल्यूने द्या. केटीएस फाइल यूटीएफ-8 च असते.

व्हर्जन कॅटलॉग, म्हणजे लिब्ज.व्हर्जन्स.टॉमल, ग्रेडल 7.4 पासून पक्का झाला आहे. ग्रेडल फोल्डरात याच नावाने ठेवला की आपोआप वाचला जातो. जुन्यात तो नसेल तर हीच संधी. टोपणनावात आडवी रेघ असेल तर बिल्ड फाइलमध्ये तिचा टिंब होतो: अँड्रॉइडएक्स-कोअर-केटीएक्स हे लिब्ज.अँड्रॉइडएक्स.कोअर.केटीएक्स असं लिहावं लागतं. जुनी फाइल ग्रूव्हीत असेल तर एकेरी अवतरणांची दुहेरी करा, मिनिफाय-एनेबल्ड-ट्रू हे इज-मिनिफाय-एनेबल्ड बरोबर ट्रू असं लिहा. भांडारांची यादी फक्त सेटिंग्ज फाइलमध्ये ठेवा. मोड्यूलमधली जुनी यादी सोबत आली तर नवा प्रोजेक्ट ती नाकारतो आणि कुठल्या फाइलमध्ये आहे तेही सांगतो.

मोड्यूलची फाइल: इथे सावकाश

ॲप्लिकेशन आयडी नवा, व्हर्जन कोड 1 पासून. आयडी जुनाच राहिला आणि सही नवी असली तर कापूस काटा असलेल्या फोनवर हे ॲप बसतच नाही; सही तीच असेल तर ते कापूस काट्याच्या जागी जाऊन बसतं. पावतीची पीडीएफ शेअर करणारा फाइल प्रोव्हायडर असेल तर त्याची ऑथॉरिटी हाताने लिहिलेली नको, ॲप्लिकेशन आयडीच्या चलातून यायला हवी. नाहीतर दोन्ही ॲप एकाच फोनवर राहत नाहीत, आणि जिनिंग व संत्रा दोन्ही बघणारा मुनीम असतोच.

मिन एसडीके कोऱ्या प्रोजेक्टमध्ये 24 येतो. जुन्यात 21 असेल तर तो निर्णय कोणासाठी घेतला होता ते आठवा. हमालाच्या, काटेवाल्याच्या हातातला फोन कुठला, त्यावरून आकडा ठरवा. 26 च्या खाली उतरत असाल आणि तारखांसाठी जावा-टाइम वापरत असाल तर कोअर लायब्ररी डिशुगरिंग (नव्या जावाच्या सोयी जुन्या अँड्रॉइडवर चालवणारी व्यवस्था) लागतं. त्याचे दोन भाग आहेत: कंपाइल ऑप्शन्समधला झेंडा आणि डिपेंडन्सीमधली डिशुगर-जेडीके-लिब्ज. नुसता झेंडा नेला तर बिल्ड फेल होऊन नेमकं कारण सांगतो. दोन्ही विसरले तर नव्या फोनवर सगळं छान, आणि अँड्रॉइड 7 च्या फोनवर पावतीची तारीख काढताना ॲप पडतं.

प्रोसेसरचे फिल्टर. स्वस्त ब्लूटूथ प्रिंटरच्या एसडीकेमध्ये पुष्कळदा फक्त 32 बिटची एसओ फाइल (ठरावीक प्रोसेसरसाठी बांधलेली लायब्ररी) असते. ती चालावी म्हणून जुन्या प्रोजेक्टमध्ये कोणीतरी एबीआय फिल्टर (कुठल्या प्रोसेसरच्या फाइली घ्यायच्या ती यादी) ‘आर्मईएबीआय-व्ही7ए’, म्हणजे 32 बिट आर्म, एवढाच ठेवलेला असतो. एपीके (फोनवर थेट बसवायची ॲपची फाइल) हातोहात वाटायची तेव्हा ते खपलं. प्ले मात्र ऑगस्ट 2019 पासून 64 बिट मागतं. फिल्टर काढून टाकला की दुसरं दुखणं: 64 बिट फोन दुसऱ्या लायब्ररीचं आर्म64 फोल्डर बघून तेच निवडतो, त्यात प्रिंटरची फाइल नसते, आणि प्रिंटचं बटण दाबताच ‘अनसॅटिस्फाइड लिंक’. उपाय एकच, प्रिंटरवाल्याकडून 64 बिटचं एसडीके मिळवणं. ते मिळत नसेल आणि प्रिंटर ईएससी-पीओएस (पावती प्रिंटरांची सर्रास चालणारी आज्ञांची भाषा) समजत असेल तर त्या एसडीकेचा नादच सोडा. ब्लूटूथ सॉकेटवर थेट बाइट्स पाठवा. (मराठी पावती असल्यास ती चित्र म्हणून पाठवावी लागते, पण बहुतेक एसडीके आतून तेच करतात.) याच्या उलट, शहरातल्या एखाद्या प्रोजेक्टमधून ‘फक्त आर्म64’ची ओळ आणली तर जुन्या 32 बिट फोनवर ॲप बसणारच नाही. एसओ फाइल असलेल्या ॲपला 1 नोव्हेंबर 2025 पासून मेमरीच्या 16 केबी पानांची अटही आहे, प्लगइन 8.5.1 किंवा त्यापुढचं असेल तर बांधणी बरोबर होते, पण प्रिंटरवाल्याने फाइलच जुन्या पद्धतीने बनवली असेल तर तुमच्या सेटिंगने ती सुधारत नाही.

लिब्ज फोल्डरातल्या एएआर फाइली आठवणीने आणा. गिटइग्नोरमुळे त्या क्लोनमध्ये येत नाहीत.

आता भाषा. ही चूक सर्वांत जास्त होते आणि सर्वांत उशिरा सापडते. ॲपचा आकार कमी करायला रिसोर्स कॉन्फिगरेशन्समध्ये भाषांची यादी देतात. हिंदी ग्राहकासाठी केलेल्या प्रोजेक्टमधून ‘ईएन, एचआय’ ही ओळ आली, तर व्हॅल्यूज-एमआर फोल्डर जागेवर असूनही त्यातला एकही शब्द ॲपमध्ये जात नाही. एरर नाही, इशारा नाही. यादीत ‘एमआर’ घाला. जुन्या फाइलींत हीच सेटिंग रेस-कॉन्फिग्ज नावाने, नव्या प्लगइनमध्ये लोकेल-फिल्टर्स नावाने भेटते.

दुसरी भाषेचीच: प्लेवर आपण एएबी (ॲप बंडल, ज्यातून प्ले प्रत्येक फोनसाठी एपीके बनवतं) चढवतो आणि प्ले प्रत्येक फोनला त्याच्या भाषेपुरतेच शब्द पाठवतं. आपल्याकडे फोन इंग्रजीत असतात आणि ॲपच्या आत ‘मराठी’ निवडायचं बटण असतं. अशा ॲपमध्ये बंडल ब्लॉकमध्ये भाषेचं स्प्लिट बंद ठेवावं लागतं. जुन्यात ते बंद होतं आणि नव्यात ही चार-पाच ओळींची वस्तू राहून गेली, तर तुमच्या हातातल्या एपीकेवर मराठी दिसेल आणि प्लेवरून घेतलेल्या ॲपमध्ये बटण दाबूनही इंग्रजीच राहील. आकार काही केबीने वाढतो, वाढू द्या.

टार्गेट 35 केल्यावर अँड्रॉइड 15 च्या फोनवर स्क्रीन काठापासून काठापर्यंत पसरते, वरची पट्टी घड्याळाखाली जाते. ही बिल्डची चूक नव्हे. लेआउटमध्ये इन्सेट्स हाताळा.

आर-एट आणि सही

प्रोगार्ड-रूल्स.प्रो जशीच्या तशी आणली तर तिच्यातल्या कीप ओळी जुन्या पॅकेजच्या नावाने असतात. नव्या पॅकेजवर त्या लागू होत नाहीत आणि न लागू होणाऱ्या नियमाबद्दल आर-एट काही बोलत नाही. डिबगमध्ये सगळं ठीक. रिलीजमध्ये जेसनमधून भरायच्या क्लासच्या फील्डची नावं बदलतात आणि सर्व्हरवरून आलेला भाव, वजन, सगळं रिकामं. प्लगइन 8.0 पासून आर-एट पूर्ण मोडमध्ये चालतो, त्यामुळे जुन्या प्रोजेक्टमध्ये नियमाविना निभावलेलं इथे निभेलच असं नाही. पॅकेजचं नाव बदलून घ्या, किंवा फील्डवर सीरियलाइज्ड-नेम लावा. दुसरा मार्ग पुढच्या कॉपीलाही पुरतो.

सहीसाठी नवा कीस्टोअर बनवा, मुदत 10000 दिवस. पासवर्ड बिल्ड फाइलमध्ये नको, घरच्या ग्रेडल.प्रॉपर्टीजमध्ये. पण तिथे एक फासा आहे. दोन्ही प्रोजेक्ट ‘स्टोअर-फाइल’, ‘स्टोअर-पासवर्ड’ अशी तीच नावं वाचत असतील तर संत्र्याचं ॲप कापसाच्या चावीने सही होऊन जातं, आणि पहिल्याच अपलोडला प्ले तीच चावी अपलोडची चावी म्हणून धरून ठेवतं. नावांच्या पुढे प्रोजेक्टचं नाव जोडा. कीस्टोअरचा पत्ता मोड्यूलमधून फाइलने दिला तर तो मोड्यूलच्या फोल्डरापासून मोजला जातो, मुळापासून नाही. मुळापासून हवा असेल तर रूट-प्रोजेक्ट-डॉट-फाइल लिहा. ‘साइनिंग-रिपोर्ट’ हे काम चालवलं की कुठल्या बिल्डला कुठली चावी लागली ते शा-1 सकट दिसतं.

तिसरा प्रोजेक्ट येणार असेल तर

दोन ॲपसाठी हात-कॉपी पुरते. हळदीवाला, तुरीवाला असे रांगेत असतील तर सगळ्यांत सारखं असलेलं बिल्ड-लॉजिक नावाच्या वेगळ्या फोल्डरात काढा आणि सेटिंग्जमधल्या प्लगइन मॅनेजमेंटमध्ये इन्क्लूड-बिल्डने जोडा. त्यात कोटलिन-डीएसएल प्लगइन लावून एक छोटं कन्व्हेन्शन प्लगइन लिहा: कंपाइल एसडीके, जावा 17, डिशुगरिंग, भाषेचं स्प्लिट बंद. ॲप्लिकेशन आयडी, मिन एसडीके, सही यांना तिथे जागा नाही, ती ज्याची त्याच्याकडे. बिल्डसोर्सपेक्षा (प्रोजेक्टच्या आतच असा कोड ठेवायच्या जुन्या फोल्डरापेक्षा) हा मार्ग बरा. बिल्डसोर्समध्ये एक ओळ बदलली तरी जवळजवळ सगळं पुन्हा बांधलं जातं. या प्लगइनच्या आत लिब्ज थेट मिळत नाही. बिल्ड-लॉजिकच्या स्वतःच्या सेटिंग्ज फाइलमध्ये कॅटलॉगचा पत्ता द्यावा लागतो आणि कोडमध्ये तो व्हर्जन-कॅटलॉग्ज-एक्स्टेन्शनमधून नावाने मागावा लागतो.

नुसती एक स्क्रिप्ट ‘अप्लाय फ्रॉम’ने जोडायची सोपी पद्धत ग्रूव्हीत चालते. केटीएसमध्ये तशा स्क्रिप्टला अँड्रॉइड ब्लॉक ओळखूच येत नाही.

तपासणी

डिबग एपीके फोनवर चालली म्हणजे झालं, असं धरू नका. वरच्या निम्म्या चुका डिबगमध्ये दिसत नाहीत. रिलीज एएबी बनवा आणि स्टुडिओच्या ॲनालाइझ एपीकेमध्ये ती उघडा. मॅनिफेस्टमध्ये आयडी आणि ऑथॉरिटी, लिब फोल्डरात दोन्ही आर्म, रिसोर्सेसमध्ये एमआरचा रकाना, एवढं डोळ्यांनी बघा. नंतर जुन्या आणि नव्या प्रोजेक्टमध्ये रिलीजच्या डिपेंडन्सीची यादी काढून शेजारी शेजारी लावा. जुन्यात असलेली आणि नव्यात नसलेली प्रत्येक ओळ का नाही, याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

भाषेच्या स्प्लिटची खरी परीक्षा एपीकेवर होत नाही. फोन इंग्रजीत ठेवून बंडलटूलने (एएबीतून एपीके काढणाऱ्या टूलने) ‘कनेक्टेड डिव्हाइस’ लावून एपीके संच काढा आणि त्यानेच बसवा, किंवा प्लेच्या इंटर्नल टेस्टिंगमध्ये टाका. तिथे 100 जणांपर्यंत जोडता येतात. त्यात एक 32 बिटचा जुना फोन, एक अँड्रॉइड 15 चा, आणि एक खऱ्या प्रिंटरला जोडलेला असू द्या. मराठी निवडा, एक वजन टाका, पावती छापा, फोन विमान मोडमध्ये टाकून पुन्हा छापा. मगच व्यापाऱ्याला लिंक पाठवा.